ओझोन: कालचं औषध, आजचा त्रास

"डॉक्टर, थंडीतलं धुरकं गेलं, आभाळ निरभ्र आहे. मग भर दुपारीच छाती का भरते?" मार्च ते मे या काळात दम्याचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. धूळ, परागकण, उष्मा अशी कारणं असतातच. पण आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे जमिनीलगतचा ओझोन वायू. हा वायू ओळखायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला.

औषध म्हणून गौरव

1839 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात ख्रिस्तियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाला पाण्यातून वीज सोडताना एक उग्र वास आला. 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्या वायूला ओझोन हे नाव दिलं. तो हुंगल्यावर खुद्द त्यांनाच छातीत त्रास झाला होता. तरीही पुढे ओझोन हवा शुद्ध करतो, पटकीसारख्या साथी रोखतो, असा समज पसरला. युरोपात रुग्णांना 'ओझोन घ्यायला' समुद्रकिनारी पाठवलं जाई.

लॉस एंजेलिसचं कोडं

जुलै 1943 मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं पसरलं. महायुद्ध सुरू होतं, त्यामुळे काहींना शत्रूचा वायुहल्ला वाटला. मग एका रबर कारखान्यावर ठपका आला. कारखाना बंद ठेवूनही त्रास थांबला नाही. 1950 च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने उलगडा केला. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं, की हवेतच ओझोन तयार होतो. म्हणजे तो कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. ऊन त्याला शिजवतं.

पुण्याचं योगदान

आकाशात उंचावरचा ओझोन आपलं अतिनील किरणांपासून रक्षण करतो; श्वासात जाणारा मात्र फुप्फुसांना इजा करतो. वायू एकच, फरक जागेचा. हा उंचावरचा ओझोन फुग्यातून मोजणारं भारतीय उपकरण 1964 साली पुण्याच्या हवामान खात्यात अण्णा मणी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. देशाच्या हवा-गुणवत्तेच्या मानकांत ओझोन आला तो 2009 मध्ये: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम.

शिरूर-दौंडचा संबंध

हा प्रश्न फक्त शहराचा वाटतो, पण तसं नाही. भर रहदारीत ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. धूर वाऱ्याबरोबर पुढे सरकतो, ऊन लागतं, आणि ओझोन शहराबाहेर वाढू शकतो. उन्हाळ्यात दुपारचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, आणि आपले तालुके पुण्याच्या पूर्वेला आहेत. त्यात नगर आणि सोलापूर रस्त्यांवरची वाहतूक, रांजणगाव आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत, शेतात पेटवलेलं उसाचं पाचट, आणि पर्जन्यछायेतलं रखरखीत ऊन. ओझोनला लागणारा सगळा शिधा इथे आहे.

नुकसान पिकांचंही होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार 2005 या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे 35 लाख टन गहू बुडाला. शिवाय ओझोन उष्णता धरून ठेवतो, आणि वाढती उष्णता पुन्हा ओझोनला पोसते. मात्र तो हवेत काही आठवडेच टिकतो. धूर आणि मिथेन कमी केले, तर फायदा लवकर दिसतो.

तुम्ही काय कराल?

- दमा किंवा सीओपीडी असेल तर उन्हाळ्यात कष्टाची कामं आणि व्यायाम सकाळी उरका. दुपारी बारा ते पाच जपा. लहान मुलांचे खेळही सकाळी घ्या.
- साधा मास्क धूळ अडवतो, ओझोन वायू अडवत नाही.
- 'ओझोन सोडून हवा शुद्ध करणारं' यंत्र घरात लावू नका. तो दीडशे वर्षांपूर्वीचाच गैरसमज आहे.
- पाचट जाळू नका. कुट्टी करून शेतातच कुजवा.
- बरं वाटलं म्हणून इनहेलर स्वतःहून बंद करू नका. धाप वाढली, बोलताना दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

आभाळ निळं आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं नाही. दुपारी छाती भरत असेल तर ती वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. उपचार ठरवताना ती नोंद उपयोगी पडते.