मुद्रा, मुद्रांक आणि संघटित गुन्हेगारी

मच्छे गावावरून बेळगाव-खानापूर रस्ता जातो. या रस्त्याच्या परिसरात इतिहास शिकविताना गेली काही वर्षे आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. राजमुद्रेचा पाठ चालू असतो, मुद्रेवाचून आज्ञापत्राला मोल नाही, हे सांगून झालेले असते, आणि एखादा चुणचुणीत मुलगा उभा राहून म्हणतो, "गुरुजी, मग आपल्या खानापूरच्या तेलगीने सरकारची मुद्राच छापली, नाही का?" वर्गात हशा पिकतो. त्या हशात तिरस्कारापेक्षा कौतुकाचा अंश अधिक असतो, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या अंगाने शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दरोडेखोर आणि संघटित गुन्हेगार यांत मूलतः भेद आहे. दरोडेखोर राज्याच्या बाहेर, रानावनात राहतो आणि राज्यापासून पळतो. संघटित गुन्हेगार राज्याच्या छायेत राहतो. त्याला बाजार हवा असतो, गिऱ्हाईक हवे असते आणि कचेरीत एक ओळखीचा माणूस हवा असतो. २००० साली सिसिलीतील पालेर्मो येथे ज्या आंतरराष्ट्रीय करारावर राष्ट्रांनी सह्या केल्या, त्यात तीन वा अधिक माणसांनी काही काळ एकत्र राहून, लाभाच्या हेतूने गंभीर गुन्हे करणे, अशा आशयाची व्याख्या आहे. या करारास भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. व्याख्या नेमकी आहे खरी. परंतु त्या तीन माणसांच्या पलीकडे डोळे मिटून उभा असलेला जो चौथा, तो तिच्यात सहजी दिसत नाही. आमच्या मते सारा इतिहास या चौथ्या माणसाचाच आहे.

करारासाठी पालेर्मोची निवड सार्थ होती. एकोणिसाव्या शतकात सिसिलीत सरंजामशाही मोडली, पण तिच्या जागी कायद्याचे राज्य नीट रुजले नाही. लिंबांच्या बागांचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न उरला आणि रक्षणाचाच धंदा करणारे माफिया त्यातून बळावले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने गुन्हेगारी टोळ्यांना अमाप पैसा मिळवून दिला. आपल्याकडे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा हातभट्टीच्या धंद्याने तोच पाठ गिरविला. पुढे सोन्यावर निर्बंध आले आणि आखाती देशांतून कोकण किनाऱ्यावर चोरटे सोने-चांदी उतरू लागले. किनाऱ्यावरच्या काही अधिकाऱ्यांनी पैसे घेऊन डोळेझाक करण्याची सवय लावून घेतली. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे याच सरावाच्या वाटेने शस्त्रे व स्फोटके उतरली. त्या वर्षी १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. सोन्यासाठी उघडलेले दार स्फोटकांना बंद राहत नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळले. सीमाशुल्क खात्यातील व पोलिसांतील काही जणांना पुढे न्यायालयाने दोषी ठरविले.

आता मुद्रांकाकडे वळू. दस्तऐवजावर कर बसविण्याची कल्पना १६२४ मध्ये हॉलंडात निघाली. १६९४ मध्ये ती इंग्लंडने उचलली आणि इंग्रजांबरोबर ती आपल्या देशात आली. १८९९ चा मुद्रांक कायदा त्याच परंपरेतला. मुद्रांकाचा कागद हा केवळ कराची पावती नव्हे. घराचे खरेदीखत असो की शेताचे गहाणखत, 'या व्यवहाराला राज्य साक्षी आहे' असे तो कागद म्हणतो. मुद्रांक छापण्याचे काम नाशिकच्या सरकारी मुद्रणालयाकडे होते.

अब्दुल करीम तेलगी याचा जन्म १९६१ चा, खानापूरचा. वडील रेल्वेत नोकरीस होते. ते लवकर वारले. मुलाने आगगाडीत फळे विकली आणि शिक्षणही घेतले. येथपर्यंतची कथा कोणत्याही शिक्षकाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पुढे तो सौदी अरेबियात गेला, परत येऊन मुंबईत पारपत्रांच्या खोट्या उद्योगात शिरला, आणि १९९४ च्या सुमारास त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळविला. नंतर त्याने स्वतःचा छापखानाच उभा केला. त्याच्या हस्तकांनी खोटे मुद्रांक विकले ते बँकांना, विमा कंपन्यांना, मोठमोठ्या पेढ्यांना. २००१ मध्ये त्याला अजमेर येथे अटक झाली. महाराष्ट्राचा १९९९ चा आणि कर्नाटकाचा २००० चा, असे संघटित गुन्हेगारीविरुद्धचे दोन्ही कायदे त्याला लागू झाले; २००४ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला १३ वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड ठोठावला. २०१७ मध्ये बंगळुरात, कैदेत असतानाच, त्याचे निधन झाले.

यात छपाईचे कौशल्य किती होते? फारसे नव्हते. कौशल्य होते ते परवाना मिळविण्याचे, माणसे विकत घेण्याचे आणि तक्रार दाबून ठेवण्याचे. एका माणसाने सरकारला फसविले, हे अर्धसत्य आहे. सरकारच्या आत बसलेल्यांनी आपली साक्ष विकली आणि त्याने ती घेतली, हे पूर्ण सत्य. आज मुद्रांकशुल्क संगणकाद्वारे भरण्याची सोय झाली आहे आणि कागदाची नक्कल करणे कठीण झाले आहे. परंतु परदेशी नोकरीच्या आमिषाने तरुणांना आग्नेय आशियातील देशांत नेऊन, कोंडून ठेवून, त्यांच्याकडून दूरध्वनीवरून लोकांची फसवणूक करवून घेणाऱ्या टोळ्या आज उभ्या राहिल्या आहेत. साधन बदलले, विकली जाते ती वस्तू, म्हणजे विश्वास, तीच राहिली.

त्या मुलाला आम्ही आता असे उत्तर देतो : "बाळ, त्याने मुद्रा छापली नाही, मुद्रेचे चित्र छापले. मुद्रा कागदावर नसते. ती तो कागद तपासणाऱ्या माणसाच्या सचोटीत असते." यावर वर्गात हशा होत नाही. आगगाडीत फळे विकून शिकणारी मुले आजही आपल्या वर्गांत बसली आहेत, आणि उद्या कचेरीत कागद तपासावयास बसणारी मुलेही त्याच बाकांवर आहेत. दोघांचेही शिक्षक आपणच आहोत.