जुन्या मोटारीच्या अभ्यासात शिरताना

स्टँडर्ड हेराल्डच्या पुढच्या चाकामागे, सस्पेन्शनच्या तळाशी, ब्राँझचा एक ठोकळा असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. तो दांडा या ठोकळ्यात बसतो आणि स्टिअरिंग वळवलं की त्या आट्यांतच फिरतो. इथे गिअरचं नव्वद नंबरचं तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, कालांतराने घट्ट होतं, पाणी आत शिरतं, पोलाद गंजतं आणि एखाद्या वळणावर दांडा तुटून चाक आडवं पडतं. पण हातात ग्रीसगन असलेला मिस्त्री समोर दिसेल त्या निपलला ग्रीसच देणार. बाकीच्या गाड्यांनी त्याला तेच शिकवलेलं असतं. जुनी गाडी घरी नीट करणं हा हौसेसोबत अभ्यासाचाही विषय आहे, असं मी म्हणतो ते अशा जागांमुळे.

आपल्या परभणीत जुनी मोटार, तीही स्पोर्ट्‌स कार? शंका रास्त आहे. निजामाच्या राज्यात मोटारींचा थाट होता तो हैदराबादला. आपल्या वाट्याला बैलगाडीची चाकोरी आणि पुढे जीप आली. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी निघाली, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं इंजिन असलेली, पण ती थोडक्यांनीच पाहिली. सामान्य भारतीय माणसाच्या हाती आलेली स्पोर्ट्‌स कारची सर्वांत जवळची नातेवाईक म्हणजे हेराल्डच. इंग्लंडमध्ये ट्रायम्फने ती 1959 मध्ये आणली. आकार दिला जोव्हानी मिकेलोट्टी या इटालियन माणसाने. 1962 मध्ये याच गाडीची चासी आखूड करून ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार काढली. हेराल्डचं पुढचं सस्पेन्शन इतकं गुणी होतं की त्याचे भाग लोटसनेही आपल्या गाड्यांत वापरले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून हेराल्ड इथे बनवली, 948 सीसीच्या लहान इंजिनासह. चार दारांची हेराल्ड तर भारताबाहेर कुठेच निघाली नाही.

घरी काम शिकणाऱ्याला याहून चांगली गाडी मिळणं कठीण. हिची चासी वेगळी आणि बॉडी बोल्टांनी वर कसलेली, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने सुटते. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि टायरवर बसून माणूस इंजिनचं काम करू शकतो. फियाटच्या पद्मिनीला ही सोय नाही. पण पद्मिनीचे पाने मिलिमीटरचे, हेराल्डचे इंचाचे. घरातला मिलिमीटरचा संच घेऊन हेराल्डच्या बोल्टवर जोर केला तर त्याचं डोकं गोल होतं, आणि मग छिन्नी निघते.

एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. हेराल्डच्या मागच्या चाकांना स्विंग आक्सल होता, म्हणजे दोन्ही बाजूंचे दांडे स्वतंत्र हलणारे. इथल्या अनेक मिस्त्र्यांना तो रुचला नाही. 1972 मध्ये स्टँडर्डने गझेल आणली तेव्हा मागे सरळ अखंड आक्सल दिला. रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या माणसांचं मत कारखान्यातल्या नकाशापर्यंत पोचलं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. म्हणून भारतीय मोटारीचा इतिहास लिहिताना कंपनीचं माहितीपत्रक पुरत नाही. मिस्त्रीशी बोलावं लागतं.

या क्षेत्रातला खरा वाद गाडी किती बदलायची यावर आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिची ट्यूरिन सनद या बाबतीत वाचण्यासारखी आहे. वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आधार घेऊन ती मोटारींबद्दल बोलते. तिचा कल उघड आहे: आधी आहे ते टिकवा, मग गरजेपुरतं दुरुस्त करा आणि केलेलं काम ओळखू येऊ द्या. आपल्याकडे मात्र लांबी भरून, चकचकीत रंग मारून गाडी ‘नवीकोरी’ करण्याचा उत्साह भारी. मला तो उत्साह समजतो, पटत नाही. फिकट झालेला मूळ रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही.

यात कायदाही आला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची सोय झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली खाजगी दुचाकी वा चारचाकी त्यात बसते, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये. क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. थोडक्यात, पेट्रोल वाचवायला ज्यांनी जुन्या गाडीत डिझेल इंजिन घातलं, त्यांना हे दार बंद आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं पाहू. कोकणाच्या मानाने परभणीची हवा पत्र्याला मानवते. तरीही गालिच्याखालची फरशी, डिकीचा तळ आणि चासीच्या बाजूला निघालेले हात टोचून पाहावेत. काळ्या मातीचा चिखल तिथे बसतो आणि ओल धरून ठेवतो. खरा त्रास उन्हाचा. पारा चाळिशीपार गेला की वाहत्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. हेराल्डचा कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बाजूलाच आहे, तेव्हा मध्ये पत्र्याची आड हवी आणि पेट्रोलची नळी इंजिनपासून लांबून न्यायला हवी. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने आणखी भर घातली. गोदाकाठचा ऊस पिकवणाऱ्या भागाने त्याबद्दल तक्रार करणं विनोदीच, पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खातं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

भाग मिळत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड कुठेही जा, ट्रॅक्टर आणि मोटारपंप दुरुस्त करणारी माणसं भेटतात. गनमेटलचा बुश कातून देणारा लेथवाला हेराल्डचा बुशही कातू शकतो, फक्त त्याला नमुना आणि माप नेमकं द्यायला हवं. ट्रनियनच्या आट्यांसारखं काम मात्र त्याच्या गळ्यात घालू नका. ते तुटलं तर जीव जातो. तो भाग इंग्लंडहून मागवलेलाच बरा.

नवशिक्याला मोह इंजिन सुरू करण्याचा होतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, एक-दोन दिवस थांबावं आणि इंजिन हाताने फिरवून पाहावं. सेल्फ मारण्याची घाई रिंगांना महागात पडते. पण त्याआधी ब्रेक. अडकलेले सिलिंडर, फुगलेले रबर कप, ओल धरलेलं ब्रेक ऑइल हे सगळं बदलल्याशिवाय गाडी आवाराबाहेर काढू नये. ऑइल म्हटलं तरी इथे इंजिनचं तेल चालत नाही. त्याने रबर बिघडायला लागतं. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मास्टर सिलिंडरवर आहे आणि इंजिनचं बरंच मागे. मधली पानं चाळून थेट तिकडे जाणारे वाचक असणारच. त्यांनी निदान चाकांना दगड लावून ठेवावेत.