सेन्सॉर नंबर

मामाजींच्या लोखंडी ट्रंकेत त्यांच्या नाटकाची संहिता सापडली. फुलस्केप कागदावर टंकलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, पहिल्या पानावर शिक्का आणि एक नंबर. वऱ्हाडात हौशी नाटक केलेल्या कुणालाही हा नंबर काय ते सांगावं लागत नाही. स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर एक रकाना असतो आणि तिथं तो लिहावा लागतो. आम्ही त्याला ‘सेन्सॉर नंबर’ म्हणायचो. कुणाचा नंबर आला नाही म्हणून तालीम अडली, अशा गोष्टी अकोल्यात आणि अमरावतीत चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू यायच्या.

संहितेत जागोजाग लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. कुठं एक शब्द खोडलेला, कुठं तीन-चार वाक्यं सलग. मी धरून चाललो की मुंबईच्या मंडळानं हे कापलं. चिडूनच विचारलं, “काहून मामाजी, इतकं कापलं त्यांनी?” मामाजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, अमरावतीला असतात, ऐकायला कमी येतं. दोनदा विचारावं लागलं. मग म्हणाले, “त्याइनं कुठं? म्याच कापलं. आपुनच खोडलं त मंग त्याइले काय राह्यते खोडाले?”

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना. सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मुंबई येते, पडदा येतो, कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत बसलेले चारपाच लोक येतात. वऱ्हाडातून पाहिलं की तो जरा वेगळा दिसतो.

एक तर वऱ्हाडच कायद्यानं विचित्र जागी होता. १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची. १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून कायमचा भाडेपट्टा लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला. तरी तो रीतसर ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. तिथले कायदे इथं आपोआप लागत नसत, ते अधिसूचना काढून लावावे लागत. बरेचसे कायदे एकगठ्ठा लागू करायला १९४१ साली ‘बेरार लॉज अॅक्ट’ नावाचा वेगळा कायदा करावा लागला. तुरुंगात जाणाऱ्याला अर्थात या बारकाव्याचा काही फायदा नव्हता.

नाटकावरचा पहिला कायदा १८७६ चा. कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून एका बंगाली प्रहसनानं सरकारची फजिती केली आणि त्याच वर्षी ‘ड्रामॅटिक परफॉर्मन्सेस अॅक्ट’ आला. या कायद्याचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो आधी वाचायला मागायचा नाही. नाटक उभं राहायचं, लोक टाळ्या वाजवायचे, त्या टाळ्या कुठल्या वाक्याला पडतात हे पोलीस पाहायचे, आणि मग बंदी यायची. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चं असंच झालं. १९०७ ला नाटक रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं, तरी बंदी यायला १९१० उजाडलं. त्याच वर्षी चिरोलनं आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाचा सविस्तर उल्लेख केला. एका मराठी नाटकाची एवढी समीक्षा साहेबानं क्वचितच केली असेल.

अमरावतीचा या जगाशी जवळचा संबंध होता. १९०५ च्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचे वकील, टिळकांचे निकटवर्ती. आणि वीर वामनराव जोशी तर अमरावतीचेच: पत्रकार, सत्याग्रही, तुरुंग भोगलेला माणूस आणि नाटककार. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शनं केलं, ‘रणदुंदुभी’ दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनं. या नाटकांतली राज्यं कल्पित आहेत. इतिहास नाही, पुराण नाही, कीचक नाही की दुर्योधन नाही. पूर्वी मला हा नाटककाराच्या कल्पनाशक्तीचा भाग वाटायचा. आता वाटतं, ‘कीचकवधा’चं काय झालं ते पाहिलेल्या माणसानं केलेली ही सोयही असेल. पुराणातल्या पात्रावर बोट ठेवून ‘हा अमुक साहेब’ म्हणता येतं. नसलेल्या राज्याच्या नसलेल्या राजावर ठेवायचं तर सरकारला आधी स्वतःच कबूल करावं लागतं की हे आपल्यासारखं दिसतं. हा माझा अंदाज आहे, पण मामाजींची पेन्सिल पाहिल्यावर तो मला पटत चालला आहे.

सिनेमाचं मात्र पहिल्यापासून उलटं. १९१८ चा कायदा आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथं बसलेली मंडळं, यांनी नियमच केला की आधी दाखवा, मग लावा. प्रभातच्या ‘स्वराज्य तोरण’चं १९३० साली ‘उदयकाल’ झालं ते ‘स्वराज्य’ या एका शब्दामुळं. १९३५ ला एकनाथांवरचा ‘महात्मा’ आला, तर ते नाव गांधीजींकडं बोट दाखवतं म्हणून तो ‘धर्मात्मा’ झाला. स्वातंत्र्य आल्यावर हे जाईल असं अनेकांना वाटलं होतं. १९४९ मध्ये ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग झाले, १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ, १९५२ मध्ये नवा कायदा. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटाची पूर्वतपासणी घटनेत बसते असं ठरवलं. कारण असं की चित्रपट इतर कुठल्याही कलेपेक्षा मनाला अधिक ढवळतो. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे एके काळी अकोला-अमरावतीचे खटलेही त्यांच्याच न्यायालयात जायचे. त्यांनी खंजिरीवरचं भजन ऐकलं नसेल असं कसं म्हणावं? पण त्याबद्दल पुढं.

घटनेनं मग काम वाटून दिलं. चित्रपट प्रदर्शनास मंजुरी देणं केंद्राकडं. नाटक, तमाशा, थिएटरचा परवाना राज्याकडं. म्हणून सिनेमाचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की देशभर चालतं आणि नाटकाचं ज्याच्या त्याच्या राज्यात. चित्रपटाची तपासणी साधारण अशी चालते: निर्माता प्रादेशिक कार्यालयात अर्ज करतो, सल्लागार मंडळातले चार सदस्य आणि एक अधिकारी चित्रपट पाहतात, प्रत्येकानं आपलं मत वेगळं लिहून द्यायचं. पटलं नाही तर पुनरीक्षण समिती. त्यानंतर अपिलासाठी न्यायाधिकरण होतं. ते २०२१ साली मोडीत काढलं, आता थेट उच्च न्यायालय. हे सल्लागार सदस्य केंद्र सरकार नेमतं. १९८३ मध्ये ‘यूए’ आणि ‘एस’ आले, मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं. २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले. नाव बदललं तरी मॅटिनीच्या रांगेतला माणूस अजून ‘सेन्सॉरनं पास केला’ असंच म्हणतो, आणि मला त्याचंच बरोबर वाटतं.

लहानपणी अकोल्याच्या टॉकीजमध्ये ते प्रमाणपत्र पडद्यावर आलं की आम्ही रिळं मोजायचो. ‘सोळा रीळ’ दिसलं की पैसे वसूल. त्याच प्रमाणपत्राच्या डाव्या कोपऱ्यात कधी एक त्रिकोण असे. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला: या चित्रपटाला कात्री लागली आहे. काय कापलं ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं, पण पडद्यावर तो भाग येत नाही. प्रेक्षकाला फक्त त्रिकोण.

आणि कापलेलं खरंच कापलं गेलं का हे पाहायला मुंबईहून कोण येणार? चित्रपटधंद्याच्या नकाशावर ‘सी. पी. बेरार’ हे वितरणाचं क्षेत्र आजही आहे. ज्या प्रांताच्या नावावरून ते पडलं तो प्रांत केव्हाच गेला. अमरावतीत वितरकांची कार्यालयं होती. तिथून डबे रेल्वेनं आणि एसटीनं दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरला जायचे. वाटेत प्रिंट झिजायची, तुटायची, जोडली जायची. सकाळच्या खेळाला भलतेच तुकडे जोडून दाखवायचेही प्रकार व्हायचे. म्हणजे मुंबईत कापलेलं गावात वाढायचं. कायद्यानं हा गुन्हा आहे, आणि तो पकडण्याचं काम स्थानिक पोलिसांचं. ते कधी पकडायचे, कधी शेवटच्या रांगेत बसून पाहायचे.

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजकीय इतिहासात यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नाटकवाल्यांसाठी त्यातली एक गोष्ट बदलली ती फारशी कुणी लिहीत नाही. मुंबई राज्यात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधारानं नाटकांची संहिता आधीच तपासायची पद्धत होती. त्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ होतं. देशातल्या बहुतेक राज्यांत नाटक असं आधी पाठवावं लागत नाही. महाराष्ट्र आणि गुजरातेत लागतं. १८७६ चा इंग्रज प्रयोग झाल्यावर यायचा, आमचं सरकार तालमीआधी आलं. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये याच पूर्वतपासणीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, त्याआधी सारंग-तेंडुलकरांनी ‘सखाराम बाइंडर’साठी न्यायालय गाठलं होतं. अमरावतीच्या हौशी मंडळाला उच्च न्यायालय वगैरे परवडत नाही. त्याला डिसेंबरच्या आत नंबर हवा असतो.

संहिता तपासता येते ती लिहिलेल्या गोष्टीची. गाडगेबाबांचं कीर्तन कुणी कसं तपासणार? ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारत जायचे, उत्तर आलं की त्यातून पुढचं वाक्य. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीलाही मंजुरीसाठी धाडण्यासारखी प्रत नव्हती. म्हणून १९४२ मध्ये सरकारनं शब्द न कापता माणूसच उचलला, आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवला. मनाला ढवळण्याचा मक्ता एकट्या सिनेमाकडं आहे हे वऱ्हाडातल्या माणसाला पटणं जरा कठीणच.

मामाजींचं नाटक १९७६ चं. विषय कापसाचा. १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली होती. शेतकऱ्यानं बंडी घेऊन केंद्रावर जायचं, रांगेत दोन-दोन रात्री काढायच्या, मग ग्रेडर येऊन बोंड चिमटीत धरणार आणि प्रत ठरवणार. प्रतीवर भाव. नाटकात एक म्हातारा कास्तकार आहे, त्याचा कापूस खालच्या प्रतीत जातो आणि तो ग्रेडरला विचारतो की हे तुम्ही कशावरून ठरवलं. एवढंच नाटक. आणीबाणी चालू, वर्तमानपत्रं तपासून निघत होती, मामाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घरात तीन बहिणी लग्नाच्या.

मी रेघा एकेक करून वाचल्या. ‘ग्रेडर’ खोडून सगळीकडं ‘साहेब’ केलंय. केंद्राच्या गावाचं नाव गेलं, ‘एक गाव’ आलं. एका पात्राची जात गेली. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याची बायको सरकारला एक अस्सल वऱ्हाडी शिवी देते, तिथं “अरे देवा” झालंय. मंडळानं शिवी कापली असती का? कदाचित नसतीही. गेल्या वर्षी ‘फुले’ चित्रपटातून जातींचे उल्लेख आणि ‘पेशवाई’ हा शब्द काढायला लावल्याच्या बातम्या आल्या, एप्रिल २०२५ चं प्रदर्शन दोन आठवडे पुढं गेलं, तेव्हा मी त्या मामाजींना वाचून दाखवल्या. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “मंग नंबर भेटला का त्याइले?”

मंडळानं मामाजींच्या संहितेतलं एक अक्षरही कापलं नव्हतं. नंबर वेळेत आला, प्रयोग झाला, बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकजण म्हणे खाली भेटला आणि म्हणाला, नाटक चांगलं आहे पण भांडण नेमकं कुणाशी आहे ते कळत नाही.

आता मी ती संहिता संगणकावर उतरवतो आहे, खोडलेल्या वाक्यांसकट. पेन्सिलीखालचं बहुतेक वाचता येतं. तिसऱ्या अंकात म्हातारा रिकामी बंडी घेऊन निघतो तिथं मात्र एक ओळ इतकी गिरवली आहे की कागद फाटायला आलाय. भिंग लावलं, कागद उजेडाला धरला, काही लागलं नाही. मागच्या रविवारी अमरावतीला गेलो तेव्हा ते पान सोबत नेलं. मामाजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं, बोट फिरवलं. “हे कायचं होतं, ध्यानात नाई बाबू,” म्हणाले, आणि पान परत दिलं.