वादक : कलावंत की कामगार?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात, ढाणकी हे नगरपंचायतीचे गाव आहे. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो आणि विदर्भ-मराठवाड्यातील सोयरिकींची ये-जा या भागातून पूर्वापार चालत आली आहे. तुळशीची लग्ने आटोपली की येथे लग्नसराई सुरू होते, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत चालते. सिम्फनी, फिलहार्मनिक हे शब्द अशा गावांपर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. पैसे घेऊन एकत्र वाजवणारा वाद्यवृंद म्हणून या भागातील माणसाला जो ठाऊक असतो, तो लग्नातला बँड. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम, ढोल आणि अलीकडे गाडीवर चढवलेला कीबोर्ड व कर्णे, असा त्याचा सरंजाम असतो.

महाराष्ट्रातील बहुतेक बँड पार्ट्यांची घडण एकाच प्रकारची आहे. वाद्ये व गणवेश मालकाचे. सुपारी मालक घेतो, इसारही त्याच्याकडेच जमा होतो. चाल उचलून देणारा मास्तर हा मालकाच्या खालोखालचा माणूस. बाकीचे वादक हंगामापुरते येतात. एरवी ते शेतमजुरी, रंगकाम किंवा हमाली करतात. हंगामाच्या तोंडावर मालकाकडून 'उचल' घ्यायची आणि ती वाजवून फेडायची, हा व्यवहार तोंडी चालतो. भांडणाची कारणेही ठरलेली असतात. दाट तिथीला एकाच दिवशी दोन वराती वाजवायला लावल्या, तर दुसऱ्या वरातीचे पैसे वेगळे की त्याच रोजात? लग्न मोडले तर इसार मालकाला राहतो. वादकाचा बुडालेला दिवस कोणाच्या खाती? गर्दीत ढोलाचे पान फुटले तर भरपाई कोणाची? नवरदेवावरून ओवाळलेल्या नोटा मास्तरच्या, की सर्वांच्या? आणि उचल फिटण्याआधी एखादा चांगला ट्रम्पेटवाला दुसऱ्या पार्टीत गेला तर? यातले एकही भांडण सहसा सरकारी कचेरीत जात नाही. चार माणसे बसतात, मालकाचे म्हणणे बहुधा वरचढ ठरते आणि पुढच्या तिथीला बँड पुन्हा उभा राहतो.

या व्यवसायामागे जातीचाही इतिहास आहे. बलुतेदारीत वाजवणे हे मातंग आणि अन्य काही समाजांवर सोपवलेले काम होते. त्याच्या मोबदल्यात गावाकडून धान्याचा वाटा मिळे. तो वाटा सन्मानाने मिळत होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, पण तो हक्क होता. बँड आला तसा व्यवहार रोखीचा झाला. जुना हक्क गेला आणि त्याच्या जागी करार आला, मात्र कराराचा कागद आला नाही. न्यूझीलंडमधील संगीतमानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बूथ यांनी भारतातील लग्नाच्या बँडांचा अनेक वर्षे अभ्यास करून 'ब्रास बाजा' हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध केला. मालक, मास्तर, उचल आणि हंगाम यांची हीच वीण त्यांना देशाच्या इतर भागांतही आढळली.

समजा, ढाणकीतील एखाद्या वादकाने भांडण कायद्याच्या दारात नेलेच, तर पहिला प्रश्न पैशांचा निघणार नाही. हा माणूस 'कामगार' आहे काय, असे आधी विचारले जाईल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराच्या व्याख्येत शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी अशी कामे मोजली होती. त्या यादीत न बसणाऱ्यास कामगार न्यायालयाचे दार बंद. शिक्षक त्या यादीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली ठरवले. कलावंतांची पाळी २००१ साली आली. भोपाळच्या भारत भवनातील रंगमंडळाचे कलावंत विरुद्ध भारत भवन ट्रस्ट या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की, नाट्यनिर्मितीत भाग घेणाऱ्याचे काम सर्जनशील असते. ते कुशल वा शारीरिक श्रमाच्या व्याख्येत बसत नाही आणि म्हणून असा कलावंत कामगार नव्हे.

निकाल नटांविषयी होता, पण त्याची सावली वादकावरही पडते. येथे एक विसंगती नजरेत भरते. कलेला श्रमाहून वरचे स्थान दिले गेले आणि त्या सन्मानाची किंमत म्हणून श्रमिकाचे संरक्षण काढून घेतले गेले. चार तास उन्हात चालत ट्रम्पेट फुंकणाऱ्याचे ओठ सुजतात, ते सर्जनशीलतेने की श्रमाने, हा प्रश्न न्यायालयापुढे अद्याप नेमक्या या रूपात यायचा आहे.

वादकाला नोकर मानण्याची पद्धत आपल्याकडे नवी मात्र नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात 'कलावंत कारखाना' हे स्वतंत्र खातेच होते. गायक, वादक, नर्तकी यांची तेथे नेमणूक होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याचे लेखी नियम झाले. रजा, हजेरी, दंड अशा गोष्टी त्यात आल्या. उस्तादांना रजेचा अर्ज करायला लावणे अनेकांना अपमानास्पद वाटले असेल. तरीही दरमहा ठरलेला पगार आणि लेखी नियम या दोन गोष्टी एकत्र मिळणे, हे त्या काळच्या संगीतकाराच्या दृष्टीने अपूर्वच होते.

पुढे हीच पद्धत चित्रपट कंपन्यांनी उचलली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी नट-तंत्रज्ञांप्रमाणे वादकांनाही पगारावर ठेवी. दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. १९५३ मध्ये प्रभातही बंद झाली. मुंबईत चित्रपटांची संख्या वाढत होती, वाद्यवृंद मोठे होत होते, परंतु वादक आता कोणाचाच नोकर उरला नव्हता. तो 'शिफ्ट'वर आला. गोव्याहून आलेल्या, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी हा काळ गाजवला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासह मुंबईत कार्यक्रम केला. अशा वृंदाला कायम आश्रय मिळाला नाही आणि १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती.

चित्रपटातील वादकांनी मात्र संघटना बांधली. सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांची प्रतवारी आणि शिफ्टचे दर यांना शिस्त आणली. पुढे चित्रपटव्यवसायातील विविध संघटनांचा महासंघही मुंबईत उभा राहिला. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने तर 'सिने-कामगार' या व्याख्येत नटाबरोबर वादकाचा स्पष्ट उल्लेख केला आणि लेखी करार सक्तीचा केला. कायदा कथापटांपुरता होता, त्याला मोबदल्याची कमाल मर्यादाही होती. तरीही वादक हा कामगार असू शकतो, हे संसदेने येथे मान्य केले होते. दुर्दैव असे की हे संरक्षण आले आणि काम आटू लागले. सिंथेसायझर आला, मग अनेक ट्रॅकचे ध्वनिमुद्रण आले. नव्वदीच्या दशकात शंभर वादकांनी एकत्र बसून गाणे वाजवण्याची गरजच संपत गेली. एकेक वादक वेगवेगळ्या दिवशी येऊन आपला तुकडा वाजवून जाऊ लागला. ज्या सहकाऱ्याची भेटच होत नाही त्याच्याबरोबर संप कसा करणार?

नोकरीची खरी हमी वादकाला मिळाली ती आकाशवाणीत. १९५२ मध्ये पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू झाला. त्याच वर्षी माहिती व नभोवाणी खाते हाती आलेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी शास्त्रीय संगीताला दिलेला आश्रय आणि लावलेली चाचणीची शिस्त सर्वश्रुत आहे. केंद्रोकेंद्री तबला, सारंगी, व्हायोलिन, बासरी वाजवणारे 'स्टाफ आर्टिस्ट' नेमले गेले. पण त्यांची नेमणूक कराराची होती आणि मिळणाऱ्या पैशाला पगार न म्हणता 'फी' म्हटले जाई. शेजारच्या टेबलावरचा कारकून सरकारी नोकर आणि त्याच इमारतीत वीस वर्षे तंबोरा लावणारा मात्र कंत्राटी, अशी स्थिती होती. दीर्घ मागणीनंतर १९८२ मध्ये या कलावंतांना नियमित सरकारी नोकरांचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. ए. चौधरी प्रकरणात आकाशवाणीचे स्टाफ आर्टिस्ट हे सरकारच्या नागरी पदांवरच असल्याचा निर्वाळा दिला. याचा अर्थ, त्यांना कारण न देता, बाजू न ऐकता काढता येणार नाही.

१९८७ च्या त्या निकालाशेजारी २००१ चा निकाल ठेवून पाहावा. आकाशवाणीच्या वादकास संरक्षण मिळाले ते तो कलावंत होता म्हणून नव्हे, मालक सरकार होते म्हणून. खासगी मालकाच्या वादकाला त्याचा उपयोग नाही. पुढे १९९७ मध्ये प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले आणि सरकारी दर्जा ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत असलेल्यांपुरता राहिला.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांत स्थैर्याची कल्पना वेगळ्या वाटेने रुजली. अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्रांत वादकाची निवड पडद्याआड वाजवून होते. एक-दोन वर्षांच्या परीक्षाकाळानंतर तो कायम होतो आणि त्यानंतर 'नीट वाजवत नाही' या कारणाने काढायचे तर निर्णय एकट्या संचालकाच्या हाती राहत नाही. सहवादकांच्या समितीपुढे प्रकरण जाते. हे सारे कामगार संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेले असते. अर्थात करार संपला की संघर्षही तेवढाच कडवा होतो. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने वेतनकपातीच्या वादात १ ऑक्टोबर २०१२ पासून टाळेबंदी केली. ती जानेवारी २०१४ पर्यंत चालली. मधल्या काळात वादकांनी स्वतःच मैफली भरवल्या, प्रमुख संचालक ओस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला आणि अखेर सुमारे पंधरा टक्के कपातीवर तडजोड झाली.

मुंबईची कथा या पार्श्वभूमीवर बोलकी आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारणारे मेहली मेहता यांनाच पूर्णवेळ वाद्यवृंदातील जागेसाठी पन्नासच्या दशकात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जावे लागले. त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगातील अग्रगण्य वाद्यवृंदांचे संचालक झाले, पण मुंबईला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद मिळाला तो २००६ मध्ये. एनसीपीएत खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. त्याच्या हंगामी मैफलींत परदेशी वादकांचा भरणा मोठा राहिला आहे.

महाराष्ट्रात 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, तो बारचा. २००५ साली डान्स बारवर बंदी आली. ती न्यायालयात टिकली नाही. दरम्यान ऑर्केस्ट्राच्या परवान्यांवर मंचावर चार स्त्रिया व चार पुरुषच असावेत, अशी अट घातली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ही स्त्री-पुरुष विभागणी घटनाबाह्य ठरवली. एकूण आठ जणांची मर्यादा तेवढी कायम ठेवली. गायिकेच्या रोजगारावर घातलेले बंधन तिच्या संरक्षणाच्या नावाने समर्थनीय ठरत नाही, हा त्यातला गाभा होता.

ढाणकीच्या वरातीला यातले काय लागू होते? फारसे काही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' ही व्याख्या कामांच्या त्याच जुन्या यादीवर उभी आहे, म्हणून २००१ च्या निकालातील तर्क तेथेही मांडला जाईल. सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने सिने-कामगाराची जागा 'दृक्-श्राव्य कामगारा'ला दिली आणि त्यात वादक, गायक, निवेदक यांचा समावेश केला; परंतु तो ध्वनिचित्र-निर्मितीत गुंतलेला असला पाहिजे. वरातीचे व्हिडिओ चित्रण होत असते, एवढ्याने बँडवाला त्या व्याख्येत येईल असे कोणी वकील म्हणणार नाही.

उरतात त्या योजना. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर तो असंघटित कामगार म्हणून नाव नोंदवू शकतो. राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत, जिचे मानधन २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले, तो कलावंत म्हणून अर्ज करू शकतो. एका खिडकीवर कामगार आणि दुसऱ्या खिडकीवर कलावंत होण्याची मुभा शासन त्याला देते. मात्र उचलीचा हिशेब चुकला, तर दाद मागण्यासाठी तिसरी खिडकी नाही.

बँडपुढील संकट आता मालकापेक्षा बाहेरून अधिक येते. डीजेच्या भिंतीपुढे पंधरा माणसांचा बँड महाग आणि मंद वाटू लागला. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी घालणाऱ्या नियमांमुळे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५ च्या निकालामुळे, रात्रीच्या वराती आखूड झाल्या. मग २०२० ची टाळेबंदी आली, ती नेमकी लग्नतिथींच्या भरात. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. पंचवीस माणसांत बँड कोठे बसणार? सलग दोन हंगाम बुडाले. घेतलेली उचल वाजवून फेडायची तर वाजवायला वरात नव्हती, आणि ती उचल माफ झाली की पुढच्या हंगामावर चढली, याचा कागद कोठेही नाही.