खजाना विहीर ते इथरनेट : वेळेवर पोहोचण्याचा इतिहास

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1582 साली, सलाबत खानाने ती बांधून घेतली. स्थापत्यकार होता राजा भास्कर. विहिरीतून जमिनीखालून निघणारा पाट केवळ उताराच्या जोरावर शेतापर्यंत पाणी नेतो. बांधून घेणारा मुसलमान, बांधणारा हिंदू, पाणी सगळ्यांचे, असे आपण या विहिरीबद्दल नेहमी बोलतो. ते खरेच आहे. पण आज या विहिरीची आठवण वेगळ्या कारणाने झाली.

वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारा आमच्या भागातला तरुण ईदला गावी आला होता. आयटीआय झालेला, सीएनसी मशीन चालवणारा. त्याने विचारले, "चाचा, आमच्या नव्या मशीनच्या मोटरला जी वायर लावलीय, तीच ऑफिसातल्या कम्प्युटरला आहे. मग मोबाइलवर व्हिडिओ अडकतो तशी मशीन का अडकत नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात आठशे वर्षांचा इतिहास आहे.

यंत्राला योग्य क्षणी योग्य हालचाल करायला लावणे ही माणसाची जुनी धडपड. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी स्वयंचलित यंत्रांवर ग्रंथ लिहिला. 1206 साली दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातला कारागीर अल्-जझरी याने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात जलघड्याळे आहेत, पाणी उपसणारी यंत्रे आहेत, आणि वाद्ये वाजवणाऱ्या बाहुल्यांची नावही आहे. फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या तरफांना धक्का देतात आणि बाहुलीचा हात हलतो. आपल्याकडे औरंगाबादची पाणचक्की याच घराण्यातली. दूरच्या डोंगरातून नळाने आलेले पाणी जाते फिरवत होते. या सगळ्या यंत्रांत वेळ लाकडात आणि धातूत कोरलेली होती. खुंटी जिथे ठोकली, तिथेच ती धक्का देणार. चुकायला जागा नव्हती, पण बदलायलाही फारशी नव्हती.

1952 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले गेले. हालचाल आता खुंटीत नव्हती, कागदाच्या पट्टीवरच्या छिद्रांत होती. पट्टी बदला, काम बदलेल. पुढे कम्प्युटर आला. प्रत्येक मोटरला नियंत्रकापासून स्वतंत्र तारा जायच्या. मोटारी वाढल्या तसे तारांचे जंजाळ वाढले. एकाच तारेवरून सगळ्यांशी बोलता आले तर?

अशी एक तार ऑफिससाठी तयार होत होती. 22 मे 1973 रोजी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडणारे टिपण लिहिले. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. प्रेरणा होती हवाई बेटांवरच्या अलोहा या रेडिओ जाळ्याची. नियम असा : तार मोकळी दिसली की बोला. दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसावे, प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

ईमेलसाठी हे पुरेसे होते. मशीनसाठी नव्हते. हिशेब करून पाहा. कापणारे हत्यार मिनिटाला 6 मीटर वेगाने सरकत असेल, तर सेकंदाला 100 मिलिमीटर होतात. एका मोटरला हुकूम एक हजारांश सेकंद उशिरा मिळाला, तर तेवढ्यात हत्यार 0.1 मिलिमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे साधारण एका कागदाची जाडी. जिथे चूक त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही चालत नाही, तिथे तो तुकडा भंगारात जातो. उभी आणि आडवी मोटर मिळून वर्तुळ कापत असतील, तर एकीचा उशीर वर्तुळाला वेडेवाकडे करतो. सरासरी वेग कितीही असो, इथे प्रत्येक हुकूम ठरल्या क्षणी यावा लागतो.

ज्याने रात्री शेतात दारे धरले आहे, त्याला हे समजवावे लागत नाही. पाटाला पाणी भरपूर असते, तरी भांडण होते. ते पाळीवरून होते. सगळ्यांनी एकदम दारे फोडली तर शेवटच्या वाफ्याला काय मिळणार?

म्हणून यंत्रांच्या जगाने आधी स्वतःचे वेगळे पाट खोदले. 1980 च्या दशकात जर्मनीत सर्कोस आले. त्यात काचेच्या तंतूंच्या कड्यातून मोटारींना ठरल्या वेळी हुकूम मिळत. असे अनेक पाट झाले, आणि एका कंपनीचे दुसरीला जुळेना. दरम्यान इथरनेटच्या चिप घराघरांत गेल्याने स्वस्त झाल्या. मग त्याच तारेवर शिस्त आणायचे ठरले. 2001 साली ऑस्ट्रियाच्या बी अँड आर कंपनीने पॉवरलिंक आणले : एक मुख्य यंत्र प्रत्येकाचे नाव पुकारते, ज्याचे नाव येईल त्यानेच बोलायचे. 2003 साली जर्मनीच्या बेकहॉफ कंपनीने इथरकॅट आणले. ही युक्ती मला सर्वांत आवडते, कारण ती आपल्या पाटाची आहे. एकच संदेश सगळ्या मोटारींमधून वाहत जातो. प्रत्येक मोटर वाहत्या संदेशातून आपला हिस्सा उचलते, आपले उत्तर त्यात टाकते, आणि संदेश न थांबता पुढे जातो. शंभर मोटारींचा फेरा शंभर मायक्रोसेकंदांत पूर्ण होतो, असे कंपनी सांगते. सगळ्यांची घड्याळेही जुळवलेली असतात. संदेश कुणाकडे किती उशिरा पोहोचतो हे आधीच मोजलेले असते. त्यामुळे हुकूम पुढेमागे आले तरी अंमल एकाच क्षणी होतो.

त्या तरुणाला मी हेच सांगितले. तार तीच आहे, पाळी ठरवून दिली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अल्-जझरीचे नाव आपल्या जलशांत अभिमानाने घेतले जाते. पण त्याने ग्रंथ कसा लिहिला हे क्वचित सांगितले जाते. भाग कसा ओतावा, कसा घासावा, कसा जुळवावा, हे त्याने आकृत्यांसह लिहून ठेवले, म्हणजे दुसऱ्या कारागिराला ते पुन्हा बनवता यावे. इल्म लपवायचा नव्हता. आज ही वृत्ती शोधायची तर लिनक्ससीएनसीकडे पाहा. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतल्या कामातून निघालेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, उघडे आहे. कम्प्युटर आणि कंट्रोल कार्ड यांच्यात साधी इथरनेटची तार लावून, तिच्यावर दुसरे काहीही न जोडता, त्यावर खरीखुरी मशीन चालवता येते. 2024 साली वेळेची हमी देणारी व्यवस्थाही मूळ लिनक्समध्ये सामील झाली.

बीडहून दरवर्षी लाखो हात ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. जी मुले आयटीआयपर्यंत पोहोचतात, त्यांतली अनेक वाळूजला, चाकणला मशीनचे बटण दाबतात. मशीन बंद पडली की बाहेरच्या इंजिनिअरची वाट पाहतात. 2025 मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या साहाय्याने आधुनिक प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले, ही चांगली बातमी आहे. तिथे बटण दाबण्याबरोबर त्यामागची पाळीही शिकवली जावी, आणि ती मराठीत, उर्दूत समजावली जावी.

सलाबत खानाने पाट खोदवला, राजा भास्करने त्याचा उतार मोजला. पाणी आजही त्या मोजलेल्या उतारानेच वाहते.