पालिकेची शाळा आणि आपला पालक

विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शिक्षण मंडळांची घडी बसविली. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू माध्यमाच्याही शाळा निघाल्या. घरच्या भाषेतील शाळा लाभली म्हणून पूर्व भागातील विणकरांनी ती आपली मानली.

परंतु ही आपुलकी प्राथमिकाच्या उंबरठ्यावरच का थबकली? पालिकेवर कायद्याने भार घातला तो प्राथमिक शिक्षणाचाच; माध्यमिक शाळा बव्हंशी अनुदानित खाजगी संस्थांच्या हाती राहिल्या. आपणही कुचन प्रशालेसारख्या शाळा उभारल्या. त्याचा अभिमान रास्तच होय. मात्र ज्यांच्या शब्दाला वजन होते, त्यांचे लक्ष तिकडे वळले आणि पालिकेच्या शाळेला कैवारी उरला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय बारा वर्षांचा मुलगा कांड्या भरू लागे, मुलगी आईशेजारी बसून विड्या वळी. (आमच्या घरीही हेच घडले.) फी माफ झाली तरी बुडालेली मजुरी कोण भरून देणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. नववीचा भार घरावरच राहिला.