मायल्स किओ : एका आयरिश सैनिकाचे चरित्र



ज्युबिलीचे वर्ष म्हटले म्हणजे रोषणाई, मिरवणूक व थाटाची मिस्सा ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु जुन्या करारातील मूळ ज्युबिली ही जमिनीशी निगडित होती. ज्या कुटुंबाची वडिलोपार्जित भूमी परहस्ते गेली असेल त्यास ती पन्नासाव्या वर्षी परत मिळावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. भूमीचा खरा धनी परमेश्वर असून मनुष्य केवळ तिचे कूळ आहे, हे त्यामागील तत्त्व. हे तत्त्व ध्यानी ठेवून एका आयरिश कथोलिक सैनिकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

मायल्स किओ ह्याचा जन्म २५ मार्च १८४० रोजी, म्हणजे देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, आयर्लंडातील कार्लो परगण्यात, बॅरो नदीकाठच्या लॉक्लिनब्रिज गावी झाला. त्याचे घराणे खाऊनपिऊन सुखी अशा शेतकऱ्यांचे होते; देश मात्र सुखी नव्हता. सतराव्या शतकातील इंग्रजांच्या स्वाऱ्यांनंतर आयरिश कथोलिकांच्या बहुतेक जमिनी जप्त होऊन परक्या जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला, तेव्हा मायल्स पाच वर्षांचा होता. पुढील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्याहूनही अधिक माणसे समुद्रापार देशोधडीस लागली. भूमी गेलेल्या लोकांची काय दशा होते, ह्याचे ते दारुण उदाहरण होते.

१८६० साली पोप नववे पायस ह्यांचे राज्य संकटात सापडले. इटली एकछत्री करू पाहणाऱ्या सार्डिनियाच्या राजाचे सैन्य त्यांच्या सरहद्दीवर येऊन ठेपले. पोपमहाराजांची हाक ऐकून एक हजारांहून अधिक आयरिश तरुण इटलीस गेले व मेजर ओरायली ह्यांच्या हाताखाली सेंट पॅट्रिकची पलटण उभी राहिली. वीस वर्षांचा किओ तीत कनिष्ठ अधिकारी झाला व आंकोना बंदराच्या रक्षणास लागला. १८ सप्टेंबर रोजी कास्तेलफिदार्दो येथे पोपमहाराजांच्या सेनेचा पराभव झाला आणि २९ सप्टेंबरला आंकोनाही पडले. किओ कैद झाला. सुटल्यावर तो रोमेत पुन्हा सेवेस रुजू झाला. पोपमहाराजांनी त्यास पदक व संत ग्रेगरी ह्यांच्या नावाचा क्रूस देऊन गौरविले.

ह्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले होते. १८६२ च्या एप्रिलात किओ न्यूयॉर्क येथे उतरला आणि उत्तरेच्या सैन्यात कॅप्टन झाला. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे सेनापती ब्युफर्ड ह्यांच्या घोडदळाने, पायदळ येऊन पोहोचेपर्यंत, शत्रूस थोपवून धरले. त्या वेळी किओ त्यांच्या पदरी होता. त्याच वर्षी डिसेंबरात ब्युफर्ड विषमज्वराने वारले, तेव्हाही तो त्यांच्या उशाशी होता. ज्या युद्धाने अमेरिकेतील गुलामगिरी संपविली त्यात त्याने आपला वाटा उचलला, हे त्याच्या नावावर सदैव जमा राहील.

१८६६ साली तो सातव्या घोडदळात कॅप्टन झाला व पश्चिमेकडील माळरानात गेला. तेथे लाकोटा, शायेन आदी मूळ रहिवाशांची वस्ती होती. १८६८ च्या तहान्वये ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर अमेरिकन सरकारने लाकोटांकडे कायम ठेवले होते. परंतु १८७४ साली त्या डोंगरांत सोने असल्याची खात्री पटली आणि तहाचे मोल संपले. सरकारने डोंगर विकत मागितले. लाकोटांनी नकार दिला. तेव्हा ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्वांनी नेमून दिलेल्या ठाण्यांवर हजर व्हावे, न होतील त्यांस शत्रू समजावे, असा हुकूम सुटला.

ह्याच १८७४ साली किओ दीर्घ रजेवर मायदेशी गेला होता. वारशाने आलेली किल्केनी परगण्यातील आपली जमीन त्याने तेव्हा बहिणीच्या नावे करून दिली आणि तो परत आपल्या पलटणीकडे निघाला.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टरने आपल्या घोडदळाचे भाग पाडून लाकोटा व शायेन ह्यांच्या प्रचंड छावणीवर चाल केली. त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्यांतील सुमारे दोनशे दहा माणसांपैकी एकही वाचला नाही. किओ आपल्या शिपायांच्या घोळक्यातच पडला. त्याचे वय छत्तीस वर्षांचे होते. इतर बहुतेक प्रेतांची विटंबना झाली होती, त्याची झाली नव्हती. आणि त्याच्या गळ्यात पोपमहाराजांच्या आशीर्वादाचे आग्नुस देई तसेच राहिले होते, असे प्रेत पाहणारांनी सांगितले. त्याचा कोमांची नावाचा जखमी घोडा वाचला व १८९१ पर्यंत जगला. किओचा देह १८७७ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे, त्याच्या इच्छेनुसार, स्नेह्यांच्या गावी पुरण्यात आला.

ह्या शिपायाविषयी काय म्हणावे? तह त्याने मोडला नव्हता. तो हुकुमाचा ताबेदार होता. तरीपण संत थॉमस अक्विनास ह्यांनी न्याय्य युद्धास तीन अटी घातल्या आहेत : अधिकृत सत्ता, न्याय्य कारण व शुद्ध हेतू. येथे सत्ता होती, कारण न्याय्य नव्हते. ज्याच्या स्वदेशाची भूमी बळाने हिरावली गेली होती, तो दुसऱ्यांची भूमी हिरावण्याच्या कामी खर्ची पडला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते डोंगर अन्यायाने घेतल्याचे मान्य करून दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ते पैसे स्वीकारले नाहीत. त्यांस आपली भूमी हवी होती.

त्या छावणीत ब्लॅक एल्क नावाचा बारा वर्षांचा लाकोटा मुलगा होता. हाच मुलगा ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलस ह्यांच्या सणादिवशी, बाप्तिस्मा घेऊन निकोलस झाला. पुढे त्यांनी अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून आपल्या लोकांची सेवा केली व १९५० साली देह ठेवला. त्यांस संतपद मिळावे म्हणून रॅपिड सिटी धर्मप्रांताने २०१७ साली चौकशीस आरंभ केला. ब्लॅक हिल्सचे सर्वोच्च शिखर २०१६ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. अशा रीतीने त्या रणांगणावरील दोन्ही पक्षांची माणसे अखेर एकाच ख्रिस्तसभेची लेकरे ठरली.

आपल्याही घरांतील मुले पोटापाण्यासाठी दूर देशी जातात. त्यांनी गळ्यातील पवित्र चिन्ह किओप्रमाणे अखेरपर्यंत जपावे. आणि आपले हात कोणाच्या व कोणत्या कामी लागत आहेत, हा प्रश्नही स्वतःस विचारावा. ह्या ज्युबिलीच्या मिस्सेत मायल्स किओ आणि त्या दिवशी आपल्या भूमीसाठी पडलेले लाकोटा व शायेन वीर, ह्या सर्वांच्या आत्म्यांसाठी आपण प्रार्थना करू या. प्रभू त्यांस चिरशांती देवो.